मदत हवी आहे: नवं लहान पिस्तूल, गोळ्या खाली-डावीकडं का जातात?

नमस्कार मंडळी. मी खानापूरकडचा. लायसन्सवर .३२ चं लहान पिस्तूल घेतलंय, रेंजवर पहिल्यांदा चालवून आलो. दुकानात हातात झकास बसलं होतं. गोळी सुटायला लागली तेव्हा कळलं, मूठ इतकी आखूड की करंगळी मॅगझिनखाली लोंबकळते. धक्का तसा फार नाही, ७.६५ मिमीचीच गोळी ती. पण ब्लोबॅक (म्हणजे स्लाइडला, वरच्या सरकत्या भागाला, खटका नसतो; वजन आणि स्प्रिंगच तिला धरून ठेवतात) असल्यानं स्प्रिंग भलतीच कडक, स्लाइड ओढताना बोटांची सालटी निघाली. (आमचे काका म्हणाले, बारा बोअरच बरी होती!)

आता मुद्द्याचं. मी उजव्या हाताचा आणि १० मीटरवर गोळ्या खाली-डावीकडं जमतात. दोस्त म्हणतो, ट्रिगर हिसकतोयस. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून मारल्या तर मध्याजवळ येतात, पण पूर्ण नाही. मग दोष हाताचा की साइटचा (नेम धरायच्या खुणेचा)? साइट फिक्स आहे, उगाच हात लावायचा नाही मला.

लायसन्सवर गोळ्या मोजक्याच मिळतात, म्हणून घरी रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगरचा सराव करावा म्हणतो. डमी गोळी घालावीच लागते का, की फायरिंग पिनला (गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या खिळीला) तसंही चालतं? आणि करंगळीसाठी मॅगझिनला लांब बूड बसवलेलं कुणी वापरलंय काय? बेळगाव-निपाणीकडं कुणी शिकवणारे असतील तर तेही सांगा.