तंबूतली माणसंही गावं वसवतात

वर एकांनी लिहिलंय की तंबूत राहणाऱ्या भटक्या लोकांचा गावाच्या इतिहासात मागमूस उरत नाही. उत्तर स्वीडनमधलं आर्विड्सयाउर हे छोटं गाव बघा, म्हणजे हे पटणार नाही.

1600 नंतर राजा नववा कार्ल यानं सामी लोकांच्या, म्हणजे उत्तर स्वीडन-नॉर्वेकडच्या, रेनडिअर पाळणाऱ्या मूळ रहिवाशांच्या मुलखात चर्च आणि बाजार नेमून दिले. कर गोळा करायचा आणि धर्मही पसरवायचा, असा दुहेरी हेतू. सामी मंडळी सणावारी लांबून चर्चला यायची, मुक्कामाला जागा हवी. त्यांनी लाकडी ओंडक्यांची घरं बांधली, पण तंबूच्या घाटाची! खाली चौकोन, वर निमुळतं छप्पर, टोकाला धूर जायला भोक, मधोमध चूल, जमिनीवर बर्चच्या डहाळ्या. अशी घरं आणि कोठारं मिळून ऐंशीच्या आसपास इमारती आजही उभ्या आहेत, सामी कुटुंबं त्या वापरतातही. मला तर गावाचं खरं दप्तर तेच वाटतं.

मूळ तंबू, लाव्वू, फार हुशारीनं उभा राहतो. दुबेळक्याचे तीन वासे एकमेकांत अडकवायचे, बाकीचे नुसते टेकवायचे. ताणाचे दोर लागत नाहीत. बसका असल्यामुळे उघड्या माळावरच्या वाऱ्यालाही दाद देत नाही.

1979 साली शेजारच्या नॉर्वेत, सामी मुलखातल्या आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी तरुणांनी ऑस्लोत थेट संसदेसमोर लाव्वू ठोकून उपोषण केलं. धरण झालंच, पण 1989 मध्ये नॉर्वेत सामी संसद, म्हणजे सामींनी निवडून दिलेली त्यांची स्वतःची सभा, आली. कारासयोक गावातलं तिचं सभागृह लाव्वूच्याच आकाराचं आहे.