तरुण संघाचं शिबिर: सेवा आणि मिशनची तयारी तीन दिवसांत कशी घ्यावी?

राहुरीची_सेक्रेटरी

सर्वांना सलाम. मी राहुरी तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) तरुण संघाची सेक्रेटरी आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमचं तीन दिवसांचं शिबिर आहे. विषय ‘सेवा आणि मिशनकार्याची तयारी’. ३२ नावं आली आहेत, १६ ते २६ वयाची. पाळकसाहेबांनी कार्यक्रम आखायचं काम माझ्यावर सोपवलंय, आणि गेल्या वर्षीचा कागद समोर घेऊन बसले की माझा हात पुढे सरकत नाही.

गेल्या वर्षी दिवसभर व्याख्यानं झाली. चांगली होती, मी वहीभर लिहून घेतलं. शेवटच्या दिवशी दुपारी चार ते पाच ‘सेवा’. एका कुष्ठवसाहतीत बस नेली, ओळीनं ब्लँकेटं वाटली, बॅनर धरून फोटो काढले. एका आजीनं आम्हा चौघींना खोलीत बोलावलं. बोटं जवळजवळ नव्हतीच तिला. दोन्ही तळहातांत पातेलं धरून तिनं चहा गाळला, चार कप भरले, पाचव्या कपाचा कान तुटका होता, तो स्वतःसाठी बाजूला ठेवला. आम्ही कपांकडे बघत उभ्या राहिलो. बाहेर हॉर्न वाजला, आम्ही ‘येतो आजी’ म्हणून निघालो. चारही कप तसेच भरलेले. दारात ती एवढंच म्हणाली, “साखर जास्त पडली का गं?”

वर्ष झालं, ते माझ्या मनातून जात नाही. त्या रात्री शेकोटीभोवती सगळ्यांनी साक्षी दिल्या, म्हणजे आपापले विश्वासाचे अनुभव सांगितले, मीही सांगितला. चहाचं मात्र कोणीच बोललं नाही.

लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना पाठवतो तेव्हा थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत असं सांगतो, आणि पुढे वाढतील ते खा म्हणतो. म्हणजे पाठवलेला माणूस रिकाम्या हातानं जातो आणि समोरच्याच्या घरी जेवतो. आम्ही ब्लँकेटांचे गठ्ठे घेऊन गेलो आणि एक कप चहा घेता आला नाही.

आमची खापरपणजी छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १९०० च्या सुमाराला, मिशनच्या बोर्डिंगात वाढली. आमच्या घरात मिशन म्हणजे ज्यांनी आपल्याला जेवायला घातलं ते. घेणं आम्हाला ठाऊक आहे. तरीही द्यायला गेलो की आम्ही असे का वागतो, हे मला खरंच कळत नाही.

आणखी एक. आमच्यातला एक मुलगा बीएस्सी झालाय, दोन वर्षं मिशनसेवेला जायचं म्हणतो. आई एकटी आहे, शेत वाट्यानं दिलंय. तो शिबिराची वाट बघतोय. त्याच्या हाती मी काय देऊ?

मिरजेची_सिस्टर

बाळ, तुझं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. ३४ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीच कुष्ठरुग्णांत.

मुलांना बसमध्ये बसवायच्या आधी आजार समजावून सांग. कप हातात न घेण्यामागे भीतीच होती, तिला लाजून उपयोग नाही, ती काढावी लागते. कुष्ठरोग औषधानं पूर्ण बरा होतो. कोर्स सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा असतो, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत लागण थांबते. वसाहतीतली म्हातारी माणसं कधीच बरी झालेली आहेत. राहिलीय ती फक्त बधिरता. चूल लागली, खडा रुतला, कळत नाही. त्यातूनच जखमा होतात आणि बोटं जातात.

आता सेवा काय करायची ते सांगते. पाय. आधी वसाहतीतल्या ड्रेसिंगवाल्याला विचारा, त्याच्या देखरेखीखालीच करा. पाणी कोमट हवं, आणि ते तुम्ही स्वतःच्या कोपरानं बघायचं, कारण त्यांना चटका समजणार नाही. वीसेक मिनिटं पाय बुडवून ठेवायचे. मग जाड झालेली कातडी वजरीनं हळू घासायची, जोर लावायचा नाही. फडक्यानं पाणी टिपायचं आणि कातडी ओलसर आहे तोवर तेल चोळायचं, म्हणजे ओल आत टिकते. बोटांच्या बेचक्यात मात्र ओल ठेवू नका. तळवा उजेडाकडे धरून नीट बघायचा: लाल झालंय का, भेग आहे का. उघडी जखम दिसली तर हात लावू नका, ड्रेसिंगवाल्याला हाक मारा.

त्या वीस मिनिटांत करण्यासारखं काही नसतं. तेव्हाच बोलणं होतं.

३२ जणांना एकदम नेऊ नकोस. आठ-आठ जण, चार पाळ्या. मोबाइल पाळकसाहेबांकडे. आणि चहा प्या गं.

धारणीहून

सिस्टरांनी पायांचं सांगितलं, मी जिभेचं सांगतो. मेळघाटात कोरकू गावांत सात वर्षं होतो, आता वर्धेला असतो.

त्या मुलाला पहिलं हे सांगा की पहिलं वर्ष तो कामाचा नसेल. कोरकू मराठीच्या घरातली भाषा नाही, मुंडा कुळातली आहे, संथाळी-मुंडारीच्या जवळची. आपल्या मराठीचा टेकू तिथं लागत नाही. मी गेलो तेव्हा दोन महिने पाणी, लाकूड, भाकर एवढेच शब्द येत होते. शिकवलं पोरांनी. मी चुकीचं बोललो की ती हसून लोळायची आणि मग बरोबर शब्द सांगायची. एम. ए. झालेल्या माणसाला सहा वर्षांच्या पोरानं हसणं सहन होतं का, तयारी तिथं लागते. शिबिरात एक दुपार कातकरी किंवा भिल्ल वस्तीवरच्या एखाद्या माणसाला शिक्षक म्हणून बोलवा, मानधन द्या, त्याच्या बोलीत वीस वाक्यं शिका.

दुसरं जरा स्पष्ट बोलतो. मदतीला अट बांधायची नाही. औषधाच्या पुडीबरोबर पत्रक द्यायचं नाही, पोराला वही देऊन प्रार्थनेला येण्याचं वचन घ्यायचं नाही. कोणी विचारलं तर आपला विश्वास मोकळेपणानं सांगावा, लपवायचं कारण नाही. पण भुकेल्याला दिलेल्या भाकरीला धागा बांधला की ती भाकर राहत नाही. हे मुलांना गावात पाय टाकायच्या आधी सांगा, नंतर नाही.

आणि आईचं. मुलाला पाठवायच्या आधी मंडळीनं त्या माउलीकडे जाऊन बसावं. वाट्याचे पैसे वेळेवर येतात का, दवाखान्यात कोण नेईल. माझी आई गेली तेव्हा मी डोंगरात होतो, निरोप तिसऱ्या दिवशी पोचला. मंडळीतल्या चार जणांनी सगळं केलं होतं. ती चार माणसंही मिशनरीच होती, असं मी मानतो.

नगरचा_कीर्तनकार

व्याख्यानं कमी करायची तर एक दिवस केडगावला न्या. नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. राहुरीहून रेल्वेनं दौंड, तिथून पुणे लाइनला केडगाव. आधी मुक्ती मिशनला विचारून घ्या. पंडिता रमाबाईंनी तिथं दुष्काळातल्या मुली आणल्या आणि त्यांना हाताला काम शिकवलं. बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, त्याचे छपाईचे खिळे जुळवले आणि पानं छापली ती तिथल्याच बायकामुलींनी. खापरपणजीची गोष्ट तिथं उभं राहून सांगा, ताई. व्याख्यानाची गरज पडणार नाही.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही मुलांना सांगा. १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले दोघांनाही दार उघडं होतं.

आणि आचारी लावू नका. भांडी मुलांनीच घासावीत, कमिटीच्या मेंबरांनीसुद्धा.

राहुरीची_सेक्रेटरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कमिटीत मांडलं. बॅनर रद्द झालं, त्यावर बराच वाद झाला, पण झालं. आचाऱ्याचे पैसे वाचले, त्यातून भाषा शिकवणाऱ्याचं मानधन आणि केडगावची तिकिटं निघतील. आज संध्याकाळी पाळकसाहेब, मी आणि महिला मंडळाच्या दोघी त्या मुलाच्या आईकडे जातोय.

परवा मी एकटीच वसाहतीत जाऊन आले. आजी आहे. तिनं मला ओळखलं नाही. चहा केला, मी दोन कप प्यायले. साखर खरंच जास्त होती.

सिस्टर, एका पाळीला आठ टब विकत घ्यावे लागतील का? बादल्या चालतील?

मिरजेची_सिस्टर

बादली नको, पाय सरळ ठेवता येत नाही. प्लास्टिकची घमेली घे, रुंद तळाची, माणसागणिक एक. आणि बसायला पाट घे, तुम्ही खाली बसायचंय.