हॅकिंटॉश झोपवला की लगेच जागा होतो – झेड३९०, आरएक्स ५८०, सोनोमा

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. माझ्या हॅकिंटॉशची, म्हणजे साध्या पीसीवर मॅकओएस चालवणाऱ्या मशीनची, तक्रार आहे. धागा लांबणार आहे. पण अर्धवट माहिती दिली की पहिले सगळे प्रतिसाद "कॉन्फिग (बूटच्या सेटिंगची फाईल) टाका" एवढेच येतात, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

मशीन असं: इंटेल आय७ ९७००के, झेड३९० मदरबोर्ड, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड आठ जीबी, ३२ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी. वायफाय-ब्लूटूथसाठी मॅकमधून निघालेलं ब्रॉडकॉम कार्ड, पीसीआय अडॅप्टरवर बसवलेलं. त्याची ब्लूटूथची बारीक केबल बोर्डवरच्या यूएसबी हेडरला, म्हणजे आतल्या पिनांच्या जोडणीला, जाते. पीसीवर मॅकओएस सुरू करणारा बूटलोडर ओपनकोअर; एसएमबायोस, म्हणजे मशीन स्वतःला कुठला मॅक म्हणवतं ते, आयमॅक१९,१. लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटएव्हरग्रीन, ॲपलएएलसी ही केक्स्टची (जोडीच्या ड्रायव्हरांची) नेहमीची मंडळी जागच्या जागी. यूएसबी मॅप (मॅकओएसने कुठली पोर्टं घ्यायची ते सांगणारा) यूएसबीटूलबॉक्सने केलेला, पंधरा पोर्टांच्या आत बसवलेला.

काम ध्वनिमुद्रणाचं, लॉजिक प्रोवर. मोठ्या सेशनमध्ये सॅम्पल्स लोड व्हायलाच इतका वेळ जातो की मशीन बंद करणं परवडत नाही. जेवायला उठले, की झोपवायचं आणि आल्यावर तिथूनच पुढे. मॅकओएसच्या व्हेंचुरा आवृत्तीवर हे बिनतक्रार चालत होतं. मग पुढची आवृत्ती, सोनोमा, टाकलं. सोनोमात ॲपलने या ब्रॉडकॉम कार्डांचा वायफाय आधार काढून टाकला, म्हणून ओसीएलपी (ओपनकोअर लेगसी पॅचर) या साधनाचा रूट पॅच मारला, म्हणजे काढलेला आधार सिस्टिममध्ये परत बसवला. वायफाय आलं, ब्लूटूथही व्यवस्थित आहे, कीबोर्ड-माऊस त्यावरच चालतात.

आता दुखणं. ॲपल मेनूतून स्लीप दिलं की पडदा जातो, पंखे उतरत जातात, वीजपुरवठ्यातला रिले 'टक्' करतो. इथपर्यंत सगळं सुरात. आणि लगेच दुसरा 'टक्', पंखे परत चढतात. पडदा मात्र काळाच. कीबोर्डचं बटण दाबलं तर कधी लगेच चित्र येतं, कधी दुसऱ्यांदा दाबावं लागतं. काहीच दाबलं नाही तर थोड्या वेळाने आपणहून झोपतो आणि पुन्हा उठतो. शेजारच्या खोलीत बसले तरी ऐकू येतं, पंख्यांचा आरोह-अवरोह चाललेला.

करून पाहिलेलं: पॉवर नॅप बंद, 'वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस' बंद, बायोसमध्ये वेक ऑन लॅन बंद, यूएसबीवरचा ऑडिओ इंटरफेस काढून ठेवला. फरक शून्य.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. एक, हा उठतो का? दुसरा, उठल्यावर पडदा का येत नाही, कार्ड गेलं का? माझा संशय सोनोमावर आणि त्या रूट पॅचवर आहे. हो, त्याच सुमारास कॅबिनेटही बदललं, जुन्यात हवा खेळत नव्हती. बाकी आत काही नवीन नाही, पंख्यांचा कंट्रोलर तेवढा कॅबिनेटसोबत आलेला.

उगाच_एक

बूट-आर्ग्जमध्ये (सुरू होताना द्यायच्या सूचनांत) डार्कवेक=० आणि एजीडीपीमॉड=पिकेरा टाका, एनव्हीरॅम (बूटच्या सेटिंग साठवणारी मेमरी) रीसेट करा, झालं. माझ्या ५७०० एक्सटीला पिकेराशिवाय पडदाच यायचा नाही.

पानापक्कड

उगाच, पिकेरा नाव्ही पिढीच्या ग्राफिक्स कार्डांसाठी, म्हणजे तुमच्या ५७०० एक्सटीला ते हवंच. आरएक्स ५८० पोलारिस आहे, तिला त्याचा उपयोग नाही. आणि डार्कवेक=० टाकून फार तर लक्षण झाकलं जाईल; जाग कोण आणतंय ते कळायचं राहूनच जाईल.

मंद्रसप्तकताई, सध्या कॉन्फिगला हातच लावू नका.

तुम्ही दोन प्रश्न लिहिलेत, मला तो एकच वाटतो. मॅकओएसला पूर्ण जागं न होता अर्धवट जागं होता येतं, त्यालाच डार्कवेक म्हणतात. मेल आणणं, बॅकअप घेणं असली कामं गुपचूप उरकता यावीत म्हणून ही सोय. माणूस झोपेत कूस बदलतो ना, तसं. प्रोसेसर चालतो, पंखे फिरतात, पण पडदा मुद्दामच बंद ठेवलेला असतो. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला कार्ड मेल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात पडदा लाव म्हणून कार्डाला कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्याच लिहिण्यात पुरावा आहे: दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर चित्र येतं, आणि काहीच केलं नाही तर मशीन आपणहून परत झोपतं. कार्ड खरोखर अडकलं असतं तर कितीही बटणं दाबून चित्र आलं नसतं, पॉवर बटण धरूनच बंद करावं लागलं असतं.

तेव्हा कार्ड विसरा, उठवणारा शोधा. मॅकओएस प्रत्येक जागेचं कारण लिहून ठेवतं. टर्मिनलमध्ये 'पीएमसेट -जी लॉग' चालवा. प्रचंड लांबलचक येईल, त्यातल्या वेक शब्दाच्या ओळी ग्रेपने वेगळ्या काढा. 'ड्यू टू'च्या पुढे काय लिहिलंय ते इथे टाका. जीएलएएन असेल तर नेटवर्क. आरपी आणि पुढे आकडा असेल तर पीसीआयवरचं काहीतरी. पीईजी असेल तर ग्राफिक्सचा स्लॉट. आरटीसी म्हणजे सिस्टिमनेच गजर लावून ठेवला होता. एक्सएचसी म्हणजे यूएसबी.

ऑडिओ इंटरफेसबद्दल थोडं विषयांतर. इंटरफेस चालू असला की कोअरऑडिओ मशीनला आपणहून झोपू देत नाही, ते 'पीएमसेट -जी असर्शन्स'मध्ये दिसतं. पण ते झालं न झोपण्याचं दुखणं. तुमचं झोपून उठण्याचं आहे. नेटवर या दोन्हींची उत्तरं एकाच भांड्यात ढवळलेली असतात, म्हणून सांगितलं.

आणि जे वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी जाता जाता लिहिलंत, तिथेच मी अडकलोय. कॅबिनेट बदलताना हेडरवरच्या केबली काढून परत लावल्या असणार. त्यानंतर यूएसबी मॅप नव्याने केला का?

काठावरचा

व्हेंचुराची जुनी डिस्क किंवा क्लोन आहे का अजून? असेल तर त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच ईएफआयवरून (बूटच्या फायलींच्या विभागावरून) व्हेंचुरा बूट करा आणि झोपवा. तिथेही उठला तर सोनोमा निर्दोष. सोनोमाला दोष देणारे धागे रोज येतात, निम्म्यांत कुणीही आधीची आवृत्ती लावून बघितलेली नसते.

रूट पॅचबद्दल एक. तो वायफायच्या फ्रेमवर्कपुरता आहे. या कार्डांचं वायफाय पीसीआयवरून जातं आणि ब्लूटूथ त्या केबलने यूएसबीवरून, दोघांचा रस्ताच वेगळा.

मंद्रसप्तक

मंडळी, चांगलंच कामाला लावलंत.

लॉगमध्ये ओळीमागून ओळ एकच: डार्कवेक फ्रॉम नॉर्मल स्लीप, ड्यू टू एक्सएचसी. मी बटण दाबते तिथे तेवढी पूर्ण वेकची नोंद आहे. म्हणजे पानापक्कड म्हणतात तसंच, पडदा काळा हा वेगळा आजार नाही. कार्ड बदलायच्या तयारीत होते, तो विचार रद्द.

व्हेंचुराचा क्लोन साटा एसएसडीवर होता. तिथेही तेच, अगदी त्याच ठेक्यात. सोनोमा सुटलं.

मॅप नव्याने केलेला नाही. पोर्टं बोर्डाची, बोर्ड तेच, मग कॅबिनेटने काय फरक पडतो, हे कळलं नाही. एक्सएचसीतलं नेमकं कुठलं पोर्ट ते लॉगमधून कळतं का?

पानापक्कड

लॉग फक्त यूएसबी कंट्रोलरपर्यंत नेतो. त्यापुढे हातानेच.

फरक असा पडतो. झेड३९०च्या कंट्रोलरवर एकूण २६ पोर्टं दिसतात: एचएस०१ ते एचएस१४, एसएस०१ ते एसएस१० आणि दोन यूएसआर (एचएस म्हणजे यूएसबी २च्या वेगाचं, एसएस म्हणजे यूएसबी ३च्या). मॅकओएस एका कंट्रोलरवर १५च घेतं, आणि निळं यूएसबी ३ भोक दोन पोर्टं खातं, एक एचएस आणि एक एसएस. ११.३ आवृत्तीपासून ती मर्यादा उठवणारा ओपनकोअरचा क्वर्कही (खास सेटिंग) चालेनासा झाला, म्हणून मॅप लागतो. इथपर्यंत तुम्हाला माहीत आहेच. पण मॅपमध्ये नुसती पोर्टांची यादी नसते, प्रत्येकाचा कनेक्टर-प्रकारही असतो. ० म्हणजे बाहेरचं साधं यूएसबी २, ३ म्हणजे यूएसबी ३चं नेहमीचं भोक, ९ आणि १० म्हणजे टाइप-सी, २५५ म्हणजे आतलं, कायमचं जोडलेलं. ब्लूटूथचं पोर्ट २५५ असावं लागतं. ते ० असेल तर ते उपटून नेता येणारं उपकरण आहे असं सिस्टिम समजते आणि झोपताना-उठताना त्याला तसंच वागवते. ब्लूटूथ चालतं उत्तम, झोप मोडते.

बोर्डवर यूएसबी २ची हेडर बहुतेक दोन असतात, शेजारी शेजारी, दिसायला सारखी. माझा कयास: पूर्वी ब्लूटूथ ज्या हेडरवर होतं तिथे आता पंख्यांचा कंट्रोलर बसलाय आणि ब्लूटूथ शेजारी सरकलंय. मॅपला ते कुणी सांगितलेलं नाही.

मशीन बंद करून दोन्ही केबली काढा, वायरचा कीबोर्ड लावा, झोपवून बघा. शांत झोपला तर एकेक परत लावा. मग हॅकिनटूल या ॲपच्या यूएसबी टॅबमध्ये ब्लूटूथ कुठल्या एचएसवर दिसतंय आणि त्याचा प्रकार काय लिहिलाय ते बघा.

उगाच_एक

पिकेराचं नोंदवून घेतलं. पण सरळ केबलींची अदलाबदल केली तर मॅपला हातही लावावा लागणार नाही ना?

मंद्रसप्तक

उगाच, तेच पहिल्यांदा मनात आलं. पण ब्लूटूथची केबल जेमतेम आखूड आहे. जुन्या कॅबिनेटमध्ये ती कार्डाच्या मागून सरळ खाली जायची. नव्यात मधे वीजपुरवठ्याचं झाकण येतं, त्याला वळसा घालून पहिल्या हेडरपर्यंत ती पोचतच नाही. म्हणूनच ती शेजारच्या हेडरवर गेली असणार.

निकाल सांगते. दोन्ही केबली काढल्यावर एकच 'टक्' आणि शांतता. कंट्रोलर एकटा लावला, तरी शांत. ब्लूटूथ एकटं लावलं, की दुसरा 'टक्' हजर. हॅकिनटूलमध्ये ब्लूटूथ एचएस१३वर, प्रकार ०. आणि २५५ लावलेलं पोर्ट एचएस११, त्यावर पंख्यांचा कंट्रोलर ऐटीत बसलेला.

आता यूटीबीमॅप, म्हणजे मॅपच्याच केक्स्टच्या आतल्या इन्फो.प्लिस्टमध्येच दोन्ही आकडे बदलायचे, की विंडोजमध्ये जाऊन मॅप पहिल्यापासून करायचा?

पानापक्कड

आकडे बदलले तरी चालतं. एचएस१३चं यूएसबीकनेक्टर २५५ करा. एचएस११ मॅपमधून काढूनच टाका. तो कंट्रोलर मॅकओएसला दिसायची काही गरज नसते, पंखे त्याच्याशिवायही फिरतात, आणि तुमचं एक पोर्ट मोकळं होतं. नव्या कॅबिनेटला पुढे टाइप-सी असेल तर तिथे वापरा. टाइप-सीला दोन्ही बाजूंनी पेनड्राइव्ह घालून बघा: दोन्ही वेळा तोच एसएस दिसला तर प्रकार ९, वेगवेगळे दिसले तर १०.

बदललेली ईएफआय आधी पेनड्राइव्हवर टाकून तिथून बूट करा. डिस्कवरची चालती ईएफआय खात्री होईपर्यंत तशीच राहू द्या.

काठावरचा

झोप लागली की पुढचंही बघून ठेवा. ॲपलने जून २०२५मध्ये सांगून टाकलंय की टाहो, म्हणजे मॅकओएस आवृत्ती २६, इंटेलसाठी शेवटची. त्यातही २०१९चा आयमॅक नाही, म्हणजे तुमचा आयमॅक१९,१ त्याआधीच्या सिक्वोयापर्यंतच. एसएमबायोस आयमॅक२०,१ करून टाहो लोक चालवतात, पण टाहोमध्ये ॲपलएचडीए (बोर्डवरच्या आवाजाचा ॲपलचा ड्रायव्हर) काढलेलं आहे, त्यामुळे ॲपलएएलसी एकटं काही करू शकत नाही. बोर्डवरचा आवाज गप्प.

मंद्रसप्तक

पेनड्राइव्हवरून बूट केलं, झोपवलं, एकच 'टक्'. रात्रभर ठेवलं, सकाळी लॉगमध्ये मधली एकही नोंद नाही, माझ्या बटणाची तेवढी. पहिल्याच दाबात पडदा. ती ईएफआय आता डिस्कवर नेली आहे.

पुढच्या टाइप-सीला दोन्ही बाजूंनी तोच एसएस, म्हणून ९ दिलं. त्यावर आता सॅम्पल्सची डिस्क असते.

काठावरचा, बोर्डवरचा आवाज मी वापरतच नाही. इंटरफेस यूएसबी क्लास-कम्प्लायंट (वेगळा ड्रायव्हर न लागणारा) आहे, त्याला ॲपलएचडीए लागत नाही. तरी टाहोच्या वाटेला जाणार नाही. सोनोमाच्या प्रत्येक अपडेटनंतर रूट पॅच नव्याने मारावा लागतो, तेवढी हौस मला पुरे आहे. ज्यांनी सिक्वोयावर हेच ब्रॉडकॉम कार्ड चालवलंय त्यांनी व्यनि करा, वायफायचा वेग कितपत टिकतो ते विचारायचं आहे.