मदत हवी आहे: नाना रात्री उठून शेतात निघतात (रावेर)

नमस्कार मंडळी, आमचे नाना ७४ वर्षांचे आहेत, जळगावच्या न्यूरो डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलाय. आधी बी१२ अन् थायरॉईडपण तपासलं, कारण त्यानेही विसरभोळेपणा येतो म्हणे, पण ते नॉर्मल निघालं. डोनेपेझिलची गोळी चालू आहे, त्याने आजार बरा होत नाही हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ते बरं केलं.

खरा त्रास रात्रीचा. दोन वाजता उठतात, बॅटरी घेतात, चपला उलट्यासुलट्या घालतात अन् "लाईट आली, मोटर चालू कराले जातो" म्हणत निघतात, आता केळी बटाईने देऊन चार वर्षं झालीत पण डोक्यात अजून तीच रात्रपाळीची लाईट. अडवलं की मला ओळखत नाहीत, चोर समजून ओरडतात. आई तर पदर त्यांच्या शर्टाला बांधून झोपते हो.

जळगाव-भुसावळकडे अशा पेशंटच्या घरच्यांचा ग्रुप किंवा दिवसभर सांभाळणारं सेंटर आहे का? दाराला काय लावलं तुम्ही? १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन कोणी वापरलीये का, अनुभव सांगा.

अजून एक, नाना बरे असताना देहदानाचं बोलायचे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये (मेंदूच्या अन् मानसिक आजारांची मोठी संस्था) संशोधनासाठी दान केलेला मेंदू ठेवतात, पण इथून तिथपर्यंत वेळेत कसं जमणार? घरच्यांना विषय काढायची हिंमत होत नाहीये, कोणी चौकशी केली असेल तर प्लीज सांगा.