शब्दचर्चा : ‘औषधाबद्दल समाधान’ – अतिचंचल मुलांच्या आणि पालकांच्या प्रश्नावलीत नेमकं काय लिहावं?

फुलपाट

एडीएचडी (अवधान-अस्थिरता व अतिचंचलता) असलेल्या मुलांचं औषध सुरू झाल्यावर पालक आणि मूल दोघांनाही विचारायची प्रश्नावली मराठीत आणायची आहे. वयोगट ८ ते १५. इंग्रजी मसुद्यात ‘सॅटिस्फॅक्शन’ हा शब्द पानोपानी आहे. कच्च्या भाषांतरात ‘अत्यंत असंतुष्ट’ ते ‘अत्यंत संतुष्ट’ अशी सात पायऱ्यांची पट्टी झाली आहे. समाधान, संतुष्टी, संतोष, तृप्ती यांतला कुठला शब्द घ्यावा? ‘साइड इफेक्ट’ला ‘दुष्परिणाम’ चालेल का, हेही सांगा.

उंबरठा

तृप्ती जेवणाची आणि संतोष मनाचा, म्हणून ते दोन्ही बाद. ‘संतुष्टी’ हिंदीतल्या जाहिरातींमधून आली आहे. मराठीत ‘संतुष्ट’ चालतं, पण ‘असंतुष्ट’ म्हटलं की डोळ्यांपुढे पक्षातले असंतुष्ट आमदार येतात, म्हणजे बंडाच्या तयारीतली माणसं. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली आई त्या चौकटीत खूण करणार नाही.

उरलं ‘समाधान’. ते घ्या, पण त्याचे चार अर्थ लक्षात ठेवून घ्या. ‘शंकासमाधान’मध्ये ते निरसन आहे. हिंदीच्या सहवासातल्या वाचकाला ते ‘समस्येचं उत्तर’ वाटतं, त्यामुळे ‘औषधाने समाधान झाले का?’ हे नागपूरकडे ‘प्रश्न सुटला का?’ असंही वाचलं जाऊ शकतं. ‘मिळेल त्यात समाधान मानणे’ यात ते तडजोड आहे. आणि ‘समाधानी’ हा तर माणसाचा स्वभाव झाला. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ असं विचारलं की उत्तर औषधाबद्दल येत नाही, ‘आमची काही तक्रार नाही’ असं सभ्य उत्तर येतं. ‘असमाधानी’ म्हणजे कुरकुऱ्या. स्वतःला कुरकुऱ्या कोण म्हणवून घेईल?

‘समाधानकारक’ हा शब्द पट्टीवर अजिबात नको. प्रगतिपुस्तकात ‘समाधानकारक’ म्हणजे ‘उत्तम’च्या बरंच खाली, नापासाच्या जरा वर. इंग्रजी मसुद्यात तो वरच्या टोकाला असेल, तर मराठीत तो मध्यावर उतरेल आणि आकडे घसरतील.

शेवरी

उंबरठा यांनी दाखवलेला दोष भाषेपुरता राहत नाही, मोजमापात शिरतो. समाधानाच्या प्रश्नावल्यांमध्ये उत्तरं तशीही वरच्या टोकाला गोळा होतात. त्यात शब्द असा असला की ‘नाही’ म्हणणं उद्धटपणाचं वाटावं, तर सगळे ६ आणि ७ वर जाऊन बसतात. मग औषध बदलण्याआधीचा आणि नंतरचा फरक दिसायला जागाच उरत नाही.

उपाय म्हणजे ‘समाधान’ हा शब्द एकदाच, शेवटच्या प्रश्नात ठेवायचा आणि बाकी प्रश्न तुकड्यांनी विचारायचे. सर्व आजारांसाठी वापरली जाणारी टीएसक्यूएम ही औषधसमाधानाची इंग्रजी प्रश्नावली अशी तुकड्यातुकड्यांनी बांधलेली आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या मूळ रूपात १४ प्रश्न आणि चार भाग आहेत : परिणामकारकता, त्रास, सोय आणि एकूण समाधान. प्रत्येक भागाचा आकडा ० ते १०० वर आणतात. परिणामकारकतेचे ३ प्रश्न, प्रत्येकी १ ते ७. बेरजेतून ३ वजा करा, १८ ने भागा, १०० ने गुणा. उत्तरं ५, ६, ४ असतील तर बेरीज १५, वजा ३ म्हणजे १२, आणि आकडा ६६.७. तीनपैकी एक उत्तर कोरं असेल तर उरलेल्या दोनांची बेरीज वजा २, भागिले १२. कोऱ्या उत्तराला शून्य धरायचं नाही. ही चूक सर्रास होते आणि सगळी सरासरी खाली ओढते.

त्या प्रश्नावलीचे हक्क राखीव आहेत, भाषांतराला लेखी परवानगी लागते. शिवाय ती स्वतः औषध घेणाऱ्या मोठ्या माणसासाठी लिहिलेली आहे. ‘तुम्ही’च्या जागी ‘तुमचं मूल’ घातलं की पालकांची आवृत्ती तयार झाली, असं समजू नका. एडीएचडीपुरतं पालक आणि मूल दोघांना वेगवेगळं विचारणारं साधन जर्मनीत बनलं आहे, एसएएमएस (औषधसमाधानाची मोजपट्टी) नावाचं. गोर्ट्झ-डॉर्टन, डोप्फनर आणि सहकाऱ्यांनी ते २०११ मध्ये मांडलं. दोन फॉर्म वेगळे असावेत हे तिथून घेण्यासारखं.

कंदील

‘साइड इफेक्ट’बद्दल. ‘दुष्परिणाम’मधला ‘दुष्’ आधीच निकाल देऊन बसतो. ‘काही दुष्परिणाम दिसले का?’ म्हटलं की पालक चपापतात, किडनी-लिव्हर आठवतात आणि ‘नाही, तसं काही नाही’ म्हणतात. तोच माणूस दुसऱ्या वाक्यात सांगतो की डबा रोज तसाच परत येतो. ‘औषधाने काही त्रास होतो का?’ हे बरं. त्याहून बरं म्हणजे थेट दिसणाऱ्या गोष्टी विचारणं :

– शाळेतला डबा अर्ध्याहून जास्त उरतो, असं आठवड्यातून किती दिवस?
– अंथरुणावर पडल्यापासून झोप लागायला किती वेळ लागतो?
– डोकं दुखतं, पोटात दुखतं असं म्हणतो/म्हणते का?
– औषध ओसरायच्या वेळी चिडचिड, रडारड वाढते का?

‘ओसरणे’ हे क्रियापद पालकांना न समजावता कळतं. ‘उतरणे’ही चालेल, पण त्यात नशेची छटा येते. या औषधांबाबत पालकांच्या मनात ‘सवय लागेल’ ही भीती आधीच असते, तिला शब्दांनी खतपाणी नको.

फुलपाट

मग परिणामकारकतेला ‘गुण येणे’ घेऊ का? अस्सल मराठी आहे.

उंबरठा

अस्सल आहे, पण इथे फसेल. शाळकरी मुलाच्या फॉर्मवर ‘औषधाचा गुण आला का?’ हे आठवीतला मुलगा परीक्षेचे गुण म्हणून वाचेल, आणि पालकही ‘गणितात वाढले’ असं लिहितील. त्यात तुमच्या फॉर्मच्या शेवटी ‘एकूण गुण’ असा रकाना असणारच! ‘उपयोग होतो का?’ हे सपाट आहे, पण सुरक्षित. दवाखान्यात ‘काही फरक?’ म्हणजे सुधारणाच, पण कागदावर ‘फरक’ दोन्हीकडे झुकतो : वाईट फरकही फरकच.

‘लागू पडणे’ आणि ‘मानवणे’ ही जोडी मात्र सोडू नका. औषध लागू पडलं म्हणजे उपयोग झाला, मानवलं म्हणजे अंगाला सोसलं. लागू पडतं पण मानवत नाही, हे वाक्य मराठी माणूस सहज बोलतो. शेवरींच्या चार भागांतले पहिले दोन त्यात आलेच.

शेवरी

मान्य. पण ‘मानवणे’ मुलांच्या फॉर्ममध्ये नको, ८-१० वर्षांच्या मुलांना ते क्रियापद ओळखीचं नसतं. पालकांच्या फॉर्ममध्ये ठेवा.

आता ज्यावर खरा वेळ घालवायला हवा ते दोन शब्द : ‘शांत’ आणि ‘लक्ष’.

‘औषध सुरू झाल्यापासून मूल शांत झाले आहे’ हे विधान कच्च्या मसुद्यात असणारच. काढून टाका. ‘शांत’मध्ये तीन वेगळ्या अवस्था एकत्र येतात : अस्वस्थपणा कमी झाला, गप्प-गप्प झाला, आणि मलूल झाला. पालक पहिली समजून खूण करतात. मूल दुसरी किंवा तिसरी भोगत असतं : मित्र म्हणतात तू आता मजा करत नाहीस. एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाची मात्रा जास्त झाली की मूल असं कोमेजल्यासारखं, गप्प होऊ शकतं, ती मात्रा कमी करायची खूण आहे. तुमच्या फॉर्मवर मात्र ती समाधान म्हणून नोंदली जाईल. त्याऐवजी ‘एका जागी बसून काम पुरं करता येतं’ आणि ‘नेहमीसारखा हसतो-खेळतो’ अशी दोन वेगळी विधानं करा. पहिलं वाढलं आणि दुसरं घटलं तर डॉक्टरांना लगेच कळतं.

‘लक्ष देतो’ आणि ‘लक्ष लागतं’ यांतला फरकही तसाच. देणं हे मुलाच्या हातात, लागणं नाही. ‘लक्ष देत नाही’ ही मास्तरांची तक्रार आहे, तिच्यात दोष मुलाचा. औषधाचं काम लक्ष लागण्याशी आणि टिकण्याशी आहे. मुलाच्या फॉर्ममध्ये ‘मी लक्ष देतो’ लिहिलंत तर मूल औषधाबद्दल बोलणारच नाही, आपण शहाणे आहोत की नाही याचं उत्तर देईल.

कंदील

वेळेचाही उल्लेख हवा. साध्या मिथाइलफेनिडेट गोळीचा परिणाम ३ ते ४ तास राहतो, दिवसभरासाठी बनवलेल्या, औषध हळूहळू सोडणाऱ्या ऑस्मोटिक गोळीचा १० ते १२ तास. सकाळी ७ ला साधी गोळी घेतली तर ११ च्या सुमारास ती ओसरलेली असते. शाळा दुपारच्या सत्रात असेल तर ती वर्गापर्यंत पोचतच नाही. शाळा सकाळची असेल तर उपयोग वर्गात होतो आणि घरच्यांच्या वाट्याला ओसरल्यानंतरची चिडचिड येते. म्हणून ‘उपयोग होतो का?’ याला ‘शाळेच्या वेळेत’, ‘संध्याकाळी अभ्यासाच्या वेळेत’, ‘सुट्टीच्या दिवशी’ असे तीन उपप्रश्न द्या. शाळेच्या वेळेचं उत्तर पालक ऐकीव माहितीवर देतात, म्हणून तिथे ‘माहीत नाही’ ही चौकट ठेवा.

अ‍ॅटोमॉक्सेटिन या एडीएचडीवरच्या दुसऱ्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात समाधान विचारलंत तर मळमळ, पेंग एवढंच हाती लागेल. फॉर्मवर ‘गेल्या दोन आठवड्यांत’ लिहा. ‘हल्ली’ किंवा ‘औषध सुरू झाल्यापासून’ लिहू नका, त्या काळात मात्रा दोनदा बदललेली असू शकते.

‘सोय’ या भागाचेही दोन तुकडे करा : घेण्याची सोय आणि मिळण्याची सोय. भारतात मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि हे औषध विकायचा वेगळा परवाना प्रत्येक दुकानाकडे नसतो. तालुक्याच्या ठिकाणाहून जिल्ह्याला हेलपाटे घालणारा बाप ‘सोय’ला १ देईल. तो राग गोळीवर नाही, वाटेवर आहे.

फुलपाट

दोघांच्या उत्तरांची सरासरी काढून एक ‘कुटुंबाचं समाधान’ दाखवता येईल का?

शेवरी

नको. एकाच मुलाच्या वागण्याबद्दल वेगवेगळी माणसं वेगवेगळं सांगतात हे फार जुनं निरीक्षण आहे. आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आणि इतरांनी त्यांच्याबद्दल सांगितलेलं यांचा सहसंबंध सरासरी ०.२२ निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही). आईचे ८० आणि मुलाचे ३० यांची सरासरी ५५ काढली तर ती दोघांपैकी कुणाचीच नसते. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा. १३-१४ वर्षांच्या मुलांमध्ये तर मुलाचाच आकडा जास्त उपयोगी, कारण गोळीला खाडा पाडायचा की नाही हे त्या वयात तेच ठरवतं. (‘अनुपालन’ लिहू नका. ‘गेल्या १४ दिवसांत किती दिवस खाडा पडला?’ हे सगळ्यांना कळतं.)

आणि पालकांचं समाधान म्हणजे लक्षणं कमी होणं, असंही नाही. एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या, अमेरिकेतल्या १९९९ च्या एमटीए अभ्यासात ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं १४ महिने होती. लक्षणांवर काटेकोर औषधोपचार वर्तनोपचारापेक्षा सरस ठरला, पण पालक जास्त खूश होते ते ज्यात वर्तनोपचार होता त्या गटांमध्ये, मग तो एकटा असो वा औषधासोबत. तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नात ‘उपचार’ आणि ‘औषध’ यांची गल्लत होऊ देऊ नका. ‘या औषधाबद्दल’ असंच लिहा, आणि शक्य तर औषधाचं नाव हाताने भरा.

उंबरठा

पट्टीच्या शब्दांवर एक सूचना. ‘बऱ्यापैकी’ टाळा : कुणाला ते ‘बरंच’ वाटतं, कुणाला ‘जेमतेम’. ‘ठीक’ मध्यावर ठेवू नका, ते नकार गिळायचं सभ्य साधन आहे. ‘अजिबात नाही – थोडं – मध्यम – बरंच – खूप’ हा क्रम वाचून दाखवला तरी कळतो. लहानांना तीनच पुरे : नाही, थोडं, खूप. आणि नकारार्थी विधान नको. ‘गोळी घ्यायला त्रास होत नाही’ याला ‘नाही’ म्हटलं तर अर्थ काय झाला, हे मोठ्यांनाही सांगता येणार नाही.

शेवरी

भाषांतराची रीत थोडक्यात : दोघांनी स्वतंत्र मराठी करायचं, तिसऱ्याने जुळवायचं, मूळ न पाहिलेल्या माणसाने ते उलट इंग्रजीत न्यायचं. मग ५ ते ८ पालक आणि तेवढीच मुलं (८-१० आणि १३-१५ वेगवेगळी) घेऊन प्रत्येक प्रश्न ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणून तपासायचा. मूल फॉर्म भरत असताना आई शेजारी नको. अभ्यास-प्रकल्प असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीखेरीज ७ ते १२ वयाच्या मुलांचा तोंडी होकार आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी होकार लागतो.

फुलपाट

सुधारलेला मुलांचा मसुदा :

१. गोळी घेतल्यावर माझं लक्ष टिकतं. (नाही / थोडं / खूप)
२. गोळीने मला काही त्रास होतो.
३. गोळी घेतली तरी मी नेहमीसारखा/नेहमीसारखी असतो/असते.
४. गोळी घ्यायला मला कंटाळा येतो.
५. ही गोळी पुढे चालू ठेवावी असं मला वाटतं.

कंदील

चौथ्या प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या आहेत : रोज घेण्याचा कंटाळा आणि गिळण्याची अडचण. दुसरी फार महत्त्वाची. मूल गिळत नाही म्हणून ऑस्मोटिक गोळी कुटून केळ्यातून दिली जाते. ती अख्खीच गिळायची असते. कुटली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं आणि लवकर संपतं : सकाळी छाती धडधडते, दुपारी उपयोग नाही, आणि फॉर्मवर औषधाला २. अ‍ॅटोमॉक्सेटिनची कॅप्सूलही उघडायची नसते, आतली पूड डोळ्यांना झोंबते. मुलांच्या फॉर्ममध्ये ‘गोळी गिळताना अडकते’ असं वेगळं विधान घाला, आणि पालकांच्या फॉर्ममध्ये समाधानाच्या प्रश्नाआधी हा ठेवा : ‘गोळी कशी देता? अख्खी / तोडून / कुटून / कॅप्सूल उघडून’. ‘अख्खी’ सोडून दुसरी खूण असेल तर पुढचे आकडे औषधाच्या खात्यात मांडू नका.