मदत हवी आहे: मागून केस धरल्यास किंवा भिंतीशी दाबल्यास सुटका कशी करावी?

नमस्कार. माझी धाकटी बहीण पुण्यात नोकरी करते आणि रात्री उशिरा बसथांब्यापासून घरापर्यंत एकटीच चालत येते. मनगट पकडले गेल्यास नुसते मागे न ओढता, पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जिथे मिळतात त्या फटीच्या दिशेने हात फिरवून झटक्यात सोडवायचा, एवढे आम्ही शिकलो असून घरी त्याचा सरावही करतो. परंतु घरातले माणूस धरते तितक्या हलक्या हाताने रस्त्यावर कोणी धरणार नाही, हीच माझी खरी काळजी आहे. मागून केस धरले किंवा भिंतीशी दाबले, तर तोल सांभाळून पळण्यापुरती वाट कशी काढावी? प्रशिक्षण वर्ग निवडताना, पूर्ण ताकदीने विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबर सराव होतो का, एवढे विचारणे पुरेसे आहे का? चाकू दिसल्यास पर्स टाकून पळायचे आणि ११२ वर फोन करायचा, हे आमचे ठरलेले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. तेव्हा हल्लेखोर खाली पडल्यावर नेमके कुठे थांबावे, हेही जाणकारांनी, विशेषतः हे शिकवणाऱ्या भगिनींनी, कृपया सविस्तर सांगावे.