'रुसवा' म्हणजे 'राग'च का?

मराठी वाक्यांवर भावनांची लेबलं लावायचं काम सध्या करते आहे. संगणकाला भावना ओळखायला शिकवायचं तर आधी माणसांनी हजारो वाक्यं वाचून प्रत्येकावर शिक्का मारावा लागतो. आमच्याकडे खाने सहाच आहेत: राग, दुःख, भीती, आनंद, किळस, आश्चर्य. काल 'जा, बोलूच नकोस आता माझ्याशी' हे वाक्य आलं आणि मी अडले. एकाने 'राग' लिहिलं, दुसरीने 'दुःख'. मी खाना कोराच ठेवला, कारण मला तो सरळसरळ रुसवा वाटतो. 'रुसणे' आणि 'रागावणे' एकाच खान्यात टाकता येतील का?

प्रतिसाद:
नाही टाकता येणार. रागावता कुणावरही येतं, अनोळखी माणसावर, बंद पडलेल्या यंत्रावरसुद्धा. रुसता येतं ते आपल्याच माणसावर, आणि तो समजूत काढायला येईल या भरवशावर. तो भरवसा संपला की रुसव्याचा अबोला होतो, किंवा दुरावा. म्हणजे रुसवा ओळखायला बोलणाऱ्यांचं नातं माहीत हवं आणि ते तर तुमच्या वाक्यात नाहीच. तुमची यादी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या कामातून आलेली दिसते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी फ्रीसन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना छोट्या गोष्टी सांगून त्यांना जुळणारे चेहऱ्यांचे फोटो निवडायला लावले आणि १९७१ साली निष्कर्ष छापले. गंमत म्हणजे त्यातही भीती आणि आश्चर्य हे दोन चेहरे फोरे लोकांना वेगळे काढता आले नव्हते. तरी पुढे हेच सहा खाने जगभरच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन बसले.

प्रतिसाद:
यात भर घालतो. नाट्यशास्त्रातले स्थायी भाव, म्हणजे मनातल्या मूळ भावना, आठ. त्यात क्रोध, भय, शोक आहेतच, पण रति आणि उत्साहही आहेत, जे वरच्या सहांत नाहीत. आणि रुसव्याचं म्हणाल तर साहित्यदर्पण या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे विरहातल्या प्रेमाचे, चार प्रकार दिलेत: पूर्वराग (मीलनाआधीची ओढ), मान, प्रवास, करुण. हा 'मान' म्हणजे प्रेमिकांचा रुसवाच. त्या परंपरेने त्याला रौद्राच्या, म्हणजे क्रोधाच्या रसाच्या, नव्हे, प्रेमाच्या घरात जागा दिली. तुमच्या लेबलवाल्याने 'राग' लिहिलं तेव्हा त्याने वाक्याचं घरच बदललं, असं मी म्हणेन.

मूळ प्रश्नकर्ती:
'मान' लक्षातच आला नव्हता, मनापासून आभार! पण आता वेगळीच काळजी वाटते. गूगलने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या गोइमोशन्स या संचात २७ भावना आहेत, सुमारे ५८ हजार इंग्रजी प्रतिक्रियांवर लावलेल्या. तिथे एकाच व्यक्तीने दिलेलं लेबल गाळलं जातं, किमान दोघांचं जुळावं लागतं. आमचाही नियम तोच. म्हणजे रुसव्यासारखी वाक्यं, जिथे मतं फुटणारच, तीच बाहेर पडणार. उरेल ते सोपं, आणि यंत्र तेवढंच शिकेल.

प्रतिसाद:
शब्दाइतकंच क्रियापदाकडेही बघा. मराठीत राग येतो, धरला जातो, काढला जातो, आवरला जातो, गिळला जातो. 'त्याने राग गिळला' आणि 'त्याने राग काढला' या दोन्हींत 'राग' आहे, पण एकात चेहऱ्यावर काही दिसत नाही आणि दुसऱ्यात समोरचा माणूस, बहुतेकदा भलताच, बोलणी खातो. फोटोवरून भावना ओळखणारी प्रणाली पहिल्याला 'तटस्थ' म्हणेल. तेव्हा लेबलाला दोन रकाने ठेवा: मनात काय आहे आणि बाहेर काय दिसलं.

मूळ प्रश्नकर्ती:
दोन रकान्यांचं आजच सुचवते. 'रुसवा' असा सातवा खानाही मागणार आहे, आणि मतं फुटलेली वाक्यं न गाळता तिघांचीही लेबलं तशीच ठेवा म्हणून सांगणार आहे. जाता जाता अजून एक: 'फुरंगटणे'. माझ्या मते रुसवा मनातल्या मनातही असू शकतो, पण फुरंगटून बसणारा समोरच्याला ते दिसेल असाच बसतो, तोंड फिरवून. तुमच्याकडेही हाच फरक करतात का?